तंबूत काय लावायचं आणि काय नाही

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं त्यांच्यासाठी या भागाचा लिहून काढलेला मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी बोललं तसंच ठेवलं आहे.)

इस्लापूरहून बोलतोय. बाहेर सोयाबीनची रास चालू आहे, मधेच थ्रेशरचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

आजचा विषय एका श्रोत्यानं दिलाय. त्याचं नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा आहे, आपल्याच किनवट तालुक्यातला. त्याचा आवाजी निरोप आलाय. म्हणतो, "दादा, तुमची रोपवाटिका आहे म्हणून तुम्हालाच विचारायलोय. मला घरातल्या खोलीत तंबू लावून गांजाचं झाड लावायचंय. एकच. विकायचं नाही. व्हिडिओ बघून सगळं शिकलोय. तंबू, एलईडी दिवा, पंखा, सगळं ऑनलाइन मिळायलंय. नवशिक्यानं पहिल्यांदा काय काळजी घ्यावी ते सांगा."

प्रश्न सरळ विचारलाय, मग उत्तरही सरळच देतो. पहिली काळजी अशी की ते झाड लावू नको. पण नुसतं 'नको' म्हणून तुमच्या वयाच्या पोरांचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. का नको, हे सांगितलं पाहिजे. आणि बंद खोलीत पीक घ्यायची जी हौस आहे ती चांगली आहे, तिचं काय करायचं हेही सांगितलं पाहिजे. म्हणून आजचे दोन भाग. आधी कायदा, मग पीक.

कायद्यापासून सुरुवात करू. आपल्याकडं एनडीपीएस नावाचा कायदा आहे. १९८५ सालचा. १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू झाला. त्याचं आठवं कलम सांगतं की भांगेच्या कुळातल्या कोणत्याही झाडाची लागवड करायची नाही. 'कोणत्याही झाडाची' हे शब्द नीट ऐका. गांजा म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात वेगळी आहे. गांजा म्हणजे त्या झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे. शेंड्याबरोबर नसतील तर पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. पण लागवडीचा गुन्हा गांजाचा नाही, झाडाचा आहे. फूल आलेलं असो नसो, नर असो मादी असो, वीतभर रोप असो की पुरुषभर उंच झाड असो, ते 'झाड' आहे.

आता शिक्षा. कलम २०. त्याचे दोन तुकडे आहेत आणि बहुतेक पोरांना दुसराच माहीत असतो. दुसरा तुकडा जवळ बाळगण्याचा. त्यात वजनाप्रमाणं पायऱ्या आहेत. एक किलोपर्यंत गांजा म्हणजे अल्प प्रमाण, शिक्षा एक वर्षापर्यंत किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोच्या वर गेला की व्यापारी प्रमाण, तिथं शिक्षा सुरूच दहा वर्षांपासून होते आणि वीसपर्यंत जाते. मधल्यांना दहा वर्षांपर्यंत. हे ऐकून पोरं म्हणतात, माझं तर अल्प प्रमाण, फार तर दंड भरू.

पण पहिला तुकडा लागवडीचा आहे. त्यात पायऱ्याच नाहीत. अल्प नाही, मध्यम नाही, व्यापारी नाही. लागवड केली तर सक्तमजुरी दहा वर्षांपर्यंत आणि दंड एक लाखापर्यंत. 'पर्यंत' आहे, म्हणजे न्यायाधीश कमीही देऊ शकतात, मान्य. पण एका झाडाला वेगळा दरवाजा कायद्यात ठेवलेला नाही. गंमत बघा, पुडी विकत घेऊन खिशात ठेवणाऱ्यापेक्षा 'मी कोणाकडून घेत नाही, माझं मी पिकवतो' म्हणणारा पोरगा कायद्यापुढं जास्त अडकतो. व्हिडिओत हे कोणी सांगत नाही.

का सांगत नाहीत? कारण ते व्हिडिओ आपल्या मुलखातले नाहीत. तंबू कुठं उभा आहे ते बघा. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदा बदलला, तिथं एका घराला चार झाडांपर्यंत मुभा आहे. तरी क्वेबेक प्रांतानं घरातली लागवड बंदच ठेवली, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली ती बंदी कायम केली. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून मोठ्या माणसाला तीन झाडं चालतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत सहा झाडं चालतात, पण त्याच अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कायद्यात ती अजून गुन्हाच आहेत. थायलंडनं जून २०२२ मध्ये सगळं मोकळं केलं आणि तीन वर्षांत, जून २०२५ मध्ये, परत डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणलं. म्हणजे गोऱ्या माणसाचा व्हिडिओ खोटा नाही. तो त्याच्या गावात खरा आहे. आपल्या गावात तोच व्हिडिओ तुला गुन्ह्याची कृती शिकवतो.

आता कोणी म्हणेल, "दादा, हे तर आपल्याच मातीतलं झाड. आपले बुवा-बैरागी ओढत आले. मग आपल्याकडंच बंदी कशी?" प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचा इतिहास मोठा आहे. इंग्रजांच्या काळात गांजाची लागवड परवान्यानं होत होती. बंगालमधलं नौगाव, मध्य प्रांतातलं खांडवा ही त्याची नावाजलेली ठिकाणं, आणि मुंबई इलाख्यात नगरकडं लागवड व्हायची. सरकार त्यावर कर घ्यायचं. १८९३ साली इंग्रज सरकारनं चौकशीसाठी आयोग नेमला. त्यानं देशभर हिंडून अकराशेहून जास्त लोकांच्या साक्षी घेतल्या आणि १८९४ साली अहवाल दिला. म्हणणं असं पडलं की बेताच्या सेवनानं सहसा मोठं नुकसान होत नाही, अतिरेकानं होतं, आणि पूर्ण बंदीपेक्षा कर आणि परवाना बरा. पुढं १९६१ साली जगभरच्या देशांचा अमली पदार्थांचा करार झाला. भारतही त्यात आला. आपल्याला पंचवीस वर्षांची मुदत मिळाली आणि पानांची भांग त्या व्याख्येतून बाहेर राहिली. मुदत संपत आली तेव्हा १९८५ चा कायदा झाला. म्हणून भांगेचं पान एका कायद्यात आणि शेंडा दुसऱ्या कायद्यात अशी वाटणी दिसते. पण पानाची भांग वेगळी म्हणून झाड लावायची परवानगी मिळते असं नाही. महाराष्ट्रात भांगेवर राज्याचा १९४९ चा दारूबंदीचा कायदाही आहेच.

कायदा बरोबर की चूक, यावर वाद घाला. मला स्वतःला वाटतं की घालावा. ग्रामसभेत घाला, कॉलेजात घाला, निवडणुकीत उमेदवाराला विचारा. पण वाद मांडायची जागा खोलीतला तंबू नव्हे.

आणखी एक शंका येते, उत्तराखंडाची. तिथं औद्योगिक भांगेला परवाने मिळतात हे खरं आहे. कायद्याच्या दहाव्या आणि चौदाव्या कलमात तशी सोय आहे. धाग्यासाठी आणि बियाण्यासाठी सरकार लागवडीला परवानगी देऊ शकतं. तिथल्या झाडात नशेचा जो घटक असतो, टीएचसी, तो ०.३ टक्क्याच्या आत लागतो. त्यातून कापड होतं, बियांचं तेल होतं. आपल्या मुंबईत २०१३ साली काही कॉलेजमित्रांनी बॉम्बे हेम्प कंपनी काढली ती याच दिशेनं. २०२१ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणानं भांगेचं बी, बियांचं तेल आणि पीठ अन्न म्हणून मान्यही केलं. पण हे सगळं परवान्यानं, तपासणीनं, उघड्या शेतात. त्या झाडानं नशा येत नाही. त्या बातमीचा आणि तंबूतल्या झाडाचा संबंध नाही.

आता घरच्यांचं काय? हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तुझी खोली तुझी नाही. ती बापाची आहे, नाहीतर घरमालकाची. कलम २५ म्हणतं की घर, खोली, जागा ज्याच्या ताब्यात आहे त्यानं माहीत असून ती अशा कामाला वापरू दिली तर मूळ गुन्ह्याचीच शिक्षा त्यालाही. आई खोलीत झाडायला येते. तंबू उघडून बघते. 'काय रे हे?' म्हणून विचारते, तू खरं सांगतोस, आणि ती माउली गप्प बसते. त्या गप्प बसण्याची किंमत तिच्या अंगावर येऊ शकते. तू एकट्यानं धोका पत्करतोस असं तुला वाटतं, पण घरातला प्रत्येक जण त्यात ओढला जातो.

शेतातही तेच आहे. आपल्या भागात कापसाच्या, तुरीच्या ओळींत झाडं सापडल्याच्या बातम्या दरसाल वाचतो आपण. कोणीतरी येतो, बी देतो, 'दहा-वीस झाडं मधल्या पट्ट्यात लाव, काढणीला मी येतो' म्हणतो. नापिकीच्या सालात माणूस भुलतो. धाड पडते तेव्हा बी देणारा कुठं असतो? सातबारा मात्र जागेवर असतो. कलम ४६ प्रमाणं आपल्या जमिनीवर अशी लागवड आहे असं कळलं की जमीनधारकानं लगेच पोलिसांना किंवा संबंधित खात्याला कळवायचं असतं. मुद्दाम लपवलं तर तोही गुन्हा. कलम ४७ मध्ये हीच जबाबदारी पंच, सरपंच आणि गावकामगारांवर आहे. म्हणून रान बटईनं दिलं असेल तरी पंधरवड्याला एक चक्कर मारत जा. कळल्याबरोबर लेखी कळवा आणि पोच घ्या. तो कागद तुमच्या बाजूनं उभा राहतो.

नांदेड जिल्हा या बाबतीत नजरेवर आहे, हेही ध्यानात ठेवा. नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात नायगाव तालुक्यात केंद्राच्या पथकानं एक ट्रक धरला. अकराशे किलोच्या वर गांजा. आंध्राकडून जळगावकडं चालला होता. आपला जिल्हा सीमेवर, आणि आपलं इस्लापूर तर मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर. वाहतूक इथून जाते म्हणून तपासही इथं जास्त.

आणि ज्याच्यावर आधीच गुन्हा दाखल झालाय त्याच्यासाठी दोन वाक्यं. वजन करताना मुळ्या, माती, पानं सगळं एकत्र तोललं जातं आणि मग व्याख्येवरून कोर्टात भांडण होतं, काहींना त्यावर जामीनही मिळतो. पण जामीन म्हणजे सुटका नव्हे. आणि वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, बाईला आणि कोठडीत असलेल्या कोणालाही मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं अर्ज करायचा.

झाला कायद्याचा भाग. आता तंबूकडं येऊ.

हा तंबू आला कुठून? शेतकऱ्याच्या गरजेतून नाही आला. कॅलिफोर्नियात १९८३ पासून पोलीस हेलिकॉप्टरनं डोंगर धुंडाळायला लागले, उघड्यावरची झाडं दिसायला लागली, आणि लोकांनी झाडं घरात नेली. थंड देशांत बर्फ पडतो, सहा महिने ऊन नाही, हे दुसरं कारण. म्हणजे तंबू हे लपण्याचं आणि थंडीचं साधन. आपल्याकडं ना बर्फ आहे, ना लपायला जागा. आपल्या गावात दार न वाजवता शेजारी आत येतो, मीटर वाचायला माणूस येतो, चुलत्याची पोरं खोलीत चार्जर शोधत येतात.

आणि उन्हाळा? एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो. पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. दोनशे वॅटचा दिवा लावला तर ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत राहते. हिशेब करा. दोनशे वॅट, अठरा तास, म्हणजे दिवसाला ३.६ युनिट. महिन्याला १०८. हवा खेळती ठेवणारा चाळीस वॅटचा पंखा चोवीस तास, तो महिन्याला २९. झाले १३७ युनिट, घरचा वापर वेगळाच. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर युनिटांच्या वर गेलं की पुढच्या युनिटांचा दर जवळपास दुपटीवर जातो. वर लाइट जायची ती जातेच. म्हणजे ज्या मुलखात सूर्य फुकट आणि जास्तच मिळतो तिथं आपण पैसे देऊन सूर्य विकत घ्यायचा. माझ्या रोपवाटिकेत आम्ही ऊन कमी करायला पैसे खर्च करतो, हिरवी शेडनेट टाकतो. तू ऊन बनवायला खर्च करणार.

पण थांब. तुझ्या हौसेला मी नावं ठेवत नाही. व्हिडिओ बघून तू जे शिकलास त्यात खरी शेती आहे. हवा किती खेळवायची, ओल किती ठेवायची, स्वच्छता कशी पाळायची, उजेडाचे तास झाडाला कसे कळतात. सोयाबीनलाही कळतात, दिवस लहान व्हायला लागले की ते फुलावर येतं. शेवंतीवाले रात्री दिवे लावून फूल लांबवतात. ही विद्या वाया घालवू नको. फक्त पीक बदल.

बंद खोलीत, ऊन न लागता, कमी विजेवर, आपल्याच शेतातल्या कचऱ्यावर येणारं पीक आहे. धिंगरी अळिंबी. पावसाळ्यात रानातल्या वारुळावर उगवणारी अळिंबी आपल्या आज्या भाजीला आणायच्या, त्याच गोतातली ही, पण घरात वाढणारी. ही वनस्पतीच नाही, बुरशी आहे. तिला हिरवं पान नाही, त्यामुळं दिव्याचा खर्च नाही. खाणं म्हणजे सोयाबीनची गुळी, गव्हाचा भुसा, कापसाच्या पऱ्हाट्यांचा चुरा. आपण काढणीनंतर जे पेटवून देतो ते.

नवशिक्यानं कसं करायचं, क्रमानं सांगतो. पहिल्यांदा चारच पिशव्या करा, चाळीस नाही.

काड कोरडं, नव्या हंगामाचं, पावसात न भिजलेलं घ्या. काळं पडलेलं नको. चार-पाच सेंटिमीटरचे तुकडे करा. गुळी आधीच बारीक असते, तिला कापायची गरज नाही. पोत्यात भरून थंड पाण्यात आठ ते बारा तास बुडवून ठेवा. मग पाणी निथळू द्या. दुसऱ्या भांड्यात पाणी ८० अंशांपर्यंत तापवा आणि ते पोतं त्यात तासभर ठेवा. याला निर्जंतुक करणं म्हणतात. तापमापी दोन-तीनशे रुपयांत मिळते, अंदाजानं करू नका. काही जण औषधात बुडवायची पद्धत सांगतात. घरात, लेकराबाळांत, मी गरम पाणीच सांगेन.

काड निथळून, सावलीत स्वच्छ फारीवर पसरून थंड करा. ओल बरोबर आहे का बघायची एक खूण आहे. मुठीत घेऊन जोरात दाबा. हात ओला झाला पाहिजे, पण थेंब गळता कामा नये. थेंब गळला तर अजून पसरून ठेवा. नवशिक्याच्या पिशव्या जास्त ओलीनं सडतात, कोरडेपणानं क्वचित.

आता बियाणं. अळिंबीचं बियाणं म्हणजे ज्वारीच्या किंवा गव्हाच्या दाण्यावर वाढवलेली पांढरी बुरशी, स्पॉन म्हणतात. ते ताजं, पांढरंशुभ्र असावं. हिरवा-काळा ठिपका दिसला की परत करा. १४ बाय २२ इंची प्लास्टिकच्या पिशवीत तीन-चार इंच काडाचा थर, कडेनं बियाणं, परत थर, असं भरत जा. एका पिशवीत तीनेक किलो ओलं काड बसतं, त्याला साठ ते नव्वद ग्रॅम बियाणं पुरतं. तोंड बांधा आणि सुईनं चौफेर पंचवीस-तीस भोकं पाडा. हात साबणानं धुऊन, पंखा बंद करून हे काम करा.

पिशव्या अंधाऱ्या खोलीत पंधरा ते वीस दिवस. तापमान २५ च्या आसपास. आत पांढरी जाळी पसरत जाते. काड पूर्ण पांढरं दिसलं, दाबल्यावर घट्ट लागलं, की प्लास्टिक कापून काढायचं. इथून पुढं तुझ्या तंबूचं ज्ञान कामाला येतं. आता हवा पाहिजे, ओल पाहिजे, थोडा उजेड पाहिजे. पेपर वाचता येईल इतका उजेड बास. खोलीत ८० ते ८५ टक्के दमटपणा लागतो. त्याला यंत्र लागत नाही. गोणपाट भिजवून भिंतींना लटकवा, फरशीवर वाळू टाकून ती ओली ठेवा, दिवसातून दोन-तीन वेळा बारीक फवारा मारा. तंबू आधीच घेतला असेल तर तोच वापर, दिवा परत कर. घेतला नसेल तर बाजेच्या चौकटीवर आईच्या जुन्या साड्या लाव, तोही तंबूच.

हवेचं गणित पीकच सांगतं. देठ लांब आणि छत्री बारकी आली तर समजा खोली कोंदट आहे, खिडकी उघडा. छत्रीच्या कडा वाळून फाटल्या तर दमटपणा कमी आहे. तीन-चार दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसतात आणि पुढच्या काही दिवसांत काढणीला येतात. छत्रीच्या कडा वरच्या बाजूला वळायच्या आत पिळून काढा, सुरीनं कापू नका. आठ-दहा दिवसांनी दुसरी खेप, मग तिसरी. तिन्ही मिळून एक किलो कोरड्या काडाला अर्ध्यापासून एक किलोपर्यंत ताजी अळिंबी येते. पहिल्या वेळी अर्धा आला तरी बरोबर चाललंय.

हिरवी बुरशी दिसली तर ती पिशवी लगेच खोलीच्या बाहेर, लांब खड्ड्यात. 'थोडीच आहे, राहू दे' म्हणू नका. आणि काढणीच्या वेळी तोंडाला फडकं बांधा, बारीक बीजाणू उडतात, दमेकऱ्याला त्रास होतो. काढून झालेलं काड उकिरड्यावर टाका, चांगलं खत होतं.

हंगाम आपल्याकडं नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सोपा. धिंगरीला २० ते ३० अंश मानवतं. एप्रिल-मेच्या नादी नवशिक्यानं लागू नये.

आता बाजार. इथं मी गोड बोलणार नाही. इस्लापूरच्या बाजारात धिंगरी सहज खपत नाही. लोकांना बटन मशरूम माहीत आहे तेही लग्नातल्या भाजीत. ताजी अळिंबी एक-दोन दिवसांत मऊ पडते. म्हणून आधी गिऱ्हाईक, मग पिशव्या वाढवा. किनवटच्या, नांदेडच्या हॉटेलवाल्यांकडं नमुना घेऊन जा. उरलेली उन्हात वाळवा. दहा किलोची साधारण एक किलो होते, पण ती महिनोन्‌महिने टिकते. आणि 'बियाणं आमच्याकडून घ्या, माल आम्हीच परत घेऊ' म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा. पिकवायला शिकवणारे फुकटही आहेत. नांदेड जिल्ह्यात सगरोळी आणि पोखर्णी इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधनाचा प्रकल्प आहे, आणि देशाचं अळिंबी संशोधन संचालनालय हिमाचलात सोलनला आहे. आधी फोन करा, प्रशिक्षण कधी आहे विचारा, मग खिशात हात घाला.

यात लखपती होशील असं मी म्हणत नाही. पण दारावर कोणी आलं तर खोलीचं दार उघडून दाखवता येईल. 'या काका, बघा, मी हे पिकवतो' म्हणता येईल. शेती करणाऱ्याला एवढं तरी पाहिजे.

जाता जाता एक. निरोप पाठवणाऱ्या पोराला आणि त्याच्यासारख्या कोणालाही. झाड लावायचा विचार हौशीतून आला असेल तर वरचं सगळं तुझ्यासाठी. पण रोज लागतो म्हणून घरीच पिकवावा असा हिशेब असेल, तर प्रश्न पिकाचा नाही. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे. मन थाऱ्यावर नसेल तर १४४१६, टेली मानस. कायद्यातही कलम ६४-अ आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यातून सूट मिळण्याची वाट त्यात ठेवली आहे. लागवडीला ती वाट नाही. म्हणून उशीर करू नको, आणि बी टाकू नको.

पिशव्या भरल्या तर फोटो पाठवा. हिरवी बुरशी आली तर तिचाही पाठवा, त्यातूनच शिकायला मिळतं. पुढच्या भागात मिरचीच्या रोपांच्या मरीवर बोलू. तोवर रास नीट झाका, आभाळ येतंय. राम राम मंडळी.